इम्प्लांटच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर घरी सावरताना (सातारा-सांगली परिसर)

माहुलीकर (धागाकर्ती)

नमस्कार. पहिल्या स्तनवर्धन शस्त्रक्रियेनंतर कशी काळजी घ्यावी, याबद्दल मराठीत थोडेफार वाचायला मिळते. परंतु काही वर्षांनी जुने इम्प्लांट काढून नवे बसवावे लागले, तर घरी परतल्यावर काय वाट्याला येते, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. माझी अशी रिव्हिजन शस्त्रक्रिया नुकतीच पुण्यात झाली. मी साताऱ्यात राहते. आत झिरपणारा द्रव बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या निघाल्या आहेत, टाके आतल्या आत विरघळणारे आहेत आणि सध्या मी घरीच विश्रांती घेत आहे.

कारण थोडक्यात सांगते. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती एक पातळ पडदा तयार करते, त्याला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात. बहुतेक स्त्रियांमध्ये हा पडदा मऊ राहतो, काहींमध्ये मात्र तो आकसतो आणि इम्प्लांटला आवळू लागतो. या कडकपणाच्या बेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत स्तन हाताला कडक लागतो आणि आकार बदललेला दिसतो, तर चौथ्या श्रेणीत त्यात वेदनेची भर पडते. माझी डावी बाजू तिसऱ्या श्रेणीत होती.

मला इथे आग्रहाने सांगायचे आहे ते असे, की दुसऱ्या वेळच्या बरे होण्याची तुलना पहिल्या वेळेशी करत बसू नये. जुना कप्पा, म्हणजे इम्प्लांट बसते ती आतली जागा, तशीच ठेवून केवळ इम्प्लांट बदलले असेल, तर स्नायू आधीच सैलावलेला असल्याने पहिल्यापेक्षा कमी दुखते, असे अनेकींना जाणवते. पण आकसलेला पडदा सोलून काढला असेल, तर आत मोठा पृष्ठभाग ओला राहतो, त्यातून द्रव झिरपत राहतो आणि म्हणून ड्रेन घालावे लागतात. त्यातच इम्प्लांट स्नायूच्या वरून स्नायूच्या खाली नेले असेल, तर तो स्नायू प्रथमच ताणला जात असतो आणि वेदना पहिल्या वेळेहून अधिक असू शकतात. माझ्या बाबतीत ही दोन्ही कामे झाली. हे मला आधी समजावून सांगितलेले होते, म्हणून पहिल्या काही रात्री जड गेल्या तरी मी घाबरले नाही. तेव्हा घरी येताना ‘काय केले’ याची सविस्तर नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मागून घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींवर समाधान मानू नये.

पुण्याहून येताना खंबाटकीची वळणे आणि गावोगावचे गतिरोधक चांगलेच जाणवतात. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये एक छोटी मऊ उशी धरली, तर धक्का कमी बसतो, आणि बेल्ट न लावण्याचा मोहही होत नाही.

माझे प्रश्न असे. नळ्या निघाल्यानंतर डावी बाजू उजवीपेक्षा अधिक सुजलेली आणि थोडी वर चढलेली दिसते, हे स्वाभाविक आहे का? भाकरी थापायला केव्हापासून हरकत नसते? आणि शल्यविशारद पुण्यात असताना मधल्या काळात इथल्या कोणाला दाखवावे, याची व्यवस्था आपण कशी केलीत?


मिरजेची परिचारिका

ताई, मी शस्त्रक्रिया विभागात अनेक वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. माझे उत्तर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच नमूद करते.

दोन्ही बाजूंना वेगवेगळे काम झाले असेल, तर सूजही वेगवेगळी असते. ज्या बाजूचा पडदा काढला आणि कप्पा बदलला, ती बाजू जास्त सुजणे आणि स्नायू आखडल्यामुळे इम्प्लांट सुरुवातीला वर दिसणे अपेक्षितच आहे. स्नायू सैलावतो तसे ते खाली उतरते. त्यासाठी काही आठवडे नव्हे, तर तीन ते सहा महिने लागू शकतात, आणि अंतिम आकार ठरवायला काही वेळा वर्षही जाते. आरशासमोर रोज तुलना करण्याऐवजी पंधरा दिवसांनी एकदा, एकाच जागी आणि एकाच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

परंतु फरक ‘असणे’ आणि फरक ‘अचानक वाढणे’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक बाजू काही तासांत ताणून फुगली, घट्ट झाली, काळीनिळी पडली आणि वेदना औषधाला दाद देईनाशी झाली, तर आत रक्त साकळल्याची शक्यता असते. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत घडते, क्वचित नंतरही. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये. १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, पसरत जाणारी लाली, जखमेतून पू किंवा दुर्गंध, ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. एकाच पोटरीत दुखणे व सूज, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ येणे, हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. पुण्याला फोन लावणे त्या वाटेवर करता येते.

ज्यांच्या नळ्या अजून आहेत, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. नळीच्या टोकाला असलेला ड्रेनचा फुगा नेहमी दाबलेल्या अवस्थेत असला पाहिजे, तरच तो द्रव ओढतो. तो लोंबकळत ठेवू नये, गाऊनला आतून पिनने अडकवावा. दिवसातून दोन वेळा रिकामा करून प्रत्येक बाजूचे माप मिलिलीटरमध्ये वेगळे लिहावे. रंग लाल, मग गुलाबी आणि मग गवती पिवळा असा उतरत जातो. चोवीस तासांतील माप साधारण ३० मिलिलीटरच्या खाली आले, की बहुतेक डॉक्टर नळी काढण्याचा विचार करतात, पण तो निर्णय त्यांचाच. पिवळट झालेला द्रव पुन्हा लालभडक होऊ लागला, तर त्याच दिवशी कळवावे.


विश्रामबाग

माझा अनुभव माहुलीकर ताईंच्या मुद्द्याला दुजोरा देणारा, पण नेमका उलट आहे. माझे एक सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फाटलेले सोनोग्राफीत आणि नंतर एमआरआयमध्ये आढळले. बाहेरून काहीच जाणवत नव्हते. सलाईनचे इम्प्लांट फुटले की ते चपटे होऊन लगेच कळते, सिलिकॉनचे जेल मात्र पडद्याच्या आतच राहू शकते. माझा कप्पा जागच्या जागी ठेवून दोन्ही इम्प्लांट बदलली. नळ्या घातल्या नव्हत्या. पहिल्या वेळेस मला उठवून बसवावे लागत असे, या वेळी मी दुसऱ्या दिवशी स्वतः उठून चहा घेतला.

त्यातली अडचण निराळीच निघाली. बरे वाटत असल्यामुळे घरच्यांनी आणि मीही मला पूर्ण बरी झालेली समजायला सुरुवात केली. जखम भरण्याचा वेळ वेदनेच्या प्रमाणात कमी होत नाही, हे माझ्या सर्जनने मला निक्षून सांगितले नसते, तर मी आठवडाभरात सिलिंडर सरकवला असता. दुखत नसेल तर बंधने जास्त काटेकोर पाळावी लागतात, असे माझे मत झाले आहे.


आमराई फिजिओ

भाकरीचा प्रश्न मला फार योग्य वाटला, कारण छापील सूचनांत ‘वजन उचलू नका’ एवढेच लिहिलेले असते आणि आपल्याकडच्या बाईचे अर्धे काम वजन न उचलताच छातीच्या मोठ्या स्नायूवर पडते. भाकरी थापताना तळहाताने वारंवार दाब दिला जातो, पोळी लाटताना दोन्ही हातांनी पुढे रेटावे लागते, पीठ मळताना तर तोच स्नायू सर्वाधिक वापरला जातो. इम्प्लांट त्या स्नायूच्या खाली असेल, तर या हालचालींनी ते बाजूला किंवा वर सरकण्याचा धोका असतो आणि ताज्या कप्प्यातून रक्तस्राव होऊ शकतो. साधारण सहा आठवडे भाकरी, कणीक मळणे आणि पाटा-वरवंटा दुसऱ्याच्या हाती सोपवावा आणि त्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवशी एक-दोन भाकरी, असे वाढवत जावे.

बादलीभर पाणी उचलणे, भरलेला कुकर उतरवणे, ओले कपडे पिळणे, मुलाला कडेवर घेणे, ही सर्व त्याच काळात टाळण्याची कामे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उठताना हातावर भार देऊन रेटा द्यावा लागतो, त्यामुळे शक्य असल्यास कमोडची खुर्ची आणून ठेवावी. वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना ताण छातीपर्यंत पोचतो. म्हणून पाणी, फळे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू असावे.

अंथरुणातून उठताना हातावर जोर न देता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, दुसऱ्याचा आधार पाठीमागून घ्यावा. कोणी दंडाला धरून ओढू नये. पाठीमागे तीन-चार उशा रचून, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात, उताणे झोपावे.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा मात्र नाही. काळजीपोटी अनेक जणी हात पोटाशी घट्ट धरून वावरतात आणि महिन्याने खांदा आखडल्याची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. कोपरे अंगाजवळ ठेवून खांदे मागे-पुढे फिरवणे पहिल्या काही दिवसांपासूनच चालते. हात खांद्याच्या उंचीवर केव्हा न्यायचा आणि त्याच्या वर केव्हा, हे मात्र ऑपरेशन नोट वाचून ठरवावे. विश्रामबाग ताईंचे वेळापत्रक माहुलीकर ताईंना लागू होणार नाही. देवळातली घंटा तेवढे दिवस दुसऱ्याने वाजवली तर देवाची काही हरकत नसावी.

दुचाकीचे वेगळे सांगते. हँडल दोन्ही हातांनी पेलणे, स्टँडवर लावणे आणि खड्ड्यातून जाताना बसणारा हिसका, या तिन्ही गोष्टी स्नायूखालच्या इम्प्लांटला सोसवत नाहीत. सहा आठवड्यांआधी स्वतः गाडी चालवू नये. मागे बसायचे झाले, तरी पहिले काही आठवडे रिक्षा बरी.


एक वाचक

प्रश्न उद्धटपणाचा वाटू नये, परंतु मुळात हौसेसाठी केलेल्या गोष्टीसाठी पुन्हा एवढा त्रास करून घेण्याऐवजी ते काढूनच टाकावे, असे कोणी सुचवले नाही का?


माहुलीकर

सुचवले होते, आणि तो पर्याय मी विचारात घेतला होता. नुसते काढून टाकणे हीसुद्धा शस्त्रक्रियाच आहे, पडदा काढायचा असेल तर ड्रेन तिथेही येतात आणि सैल पडलेल्या त्वचेसाठी काही वेळा स्तन वर उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. मी माझा निर्णय घेतला. कोणी दुसरा घेतला तर तोही तितकाच योग्य. हा धागा सावरण्याविषयी आहे, तो तसाच राहू द्यावा, ही विनंती.


कृष्णाकाठ

मी सांगलीची. माझ्या बाबतीत कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर पुनर्रचनेसाठी इम्प्लांट बसवले होते आणि किरणोपचारांनंतर ते आवळले गेले, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया झाली. किरणोपचार झालेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथे जखम सावकाश भरते आणि पडदा पुन्हा आकसण्याची शक्यताही जास्त असते. माझ्यासारख्यांनी वरच्या प्रतिसादांतले आठवडे स्वतःसाठी लांबवूनच वाचावेत.

विम्याबद्दल इथे उल्लेख नाही, म्हणून लिहिते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या अपवादातून बाहेर ठेवली आहे. माझा दावा सुरुवातीला ‘सौंदर्य शस्त्रक्रिया’ असा शेरा मारून परत आला होता. कर्करोगाचे मूळ कागद, किरणोपचारांची नोंद आणि सर्जनचे पत्र जोडल्यावर तो मंजूर झाला. सौंदर्यासाठी बसवलेले इम्प्लांट बिघडल्यामुळे झालेला खर्च कंपनी मान्य करेलच असे नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

संवेदनेबद्दलही बोलले पाहिजे. मधूनच विजेचा झटका बसल्यासारखी कळ येणे, एखादा भाग बधिर राहणे, कापडाचा स्पर्शही नको वाटणे, हे मज्जातंतू पूर्ववत होत असताना घडते आणि काही महिने चालते. काहींमध्ये बधिरपणा कायमचा राहतो. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. भाजल्याचे कळत नाही.


कऱ्हाडची सून

एक संकोचाचा प्रश्न आहे. माझी ही शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी व्हायची आहे. फॉर्ममध्ये धूम्रपानाचा रकाना होता, तिथे मी ‘नाही’ लिहिले. पण मी सासूबाईंबरोबर सकाळी मिश्री लावते. ती सांगायला हवी का?


मिरजेची परिचारिका

अवश्य सांगायला हवी, आणि विचारलेत हे फार चांगले केलेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन हिरडीतून रक्तात जाते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडांना पुरेसे रक्त मिळत नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्वचा आणि ऊतक आधीच पातळ झालेले असते, जुन्या व्रणांमुळे रक्तपुरवठा थोडा बदललेला असतो. त्यात निकोटिनची भर पडली, तर जखम उसवणे, त्वचेचा भाग काळा पडणे, संसर्ग होणे, ही सगळी संकटे ओढवू शकतात. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान तेवढेच दिवस मिश्री, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद असावी. आमच्या भागात बायका ‘व्यसन नाही’ असे मनापासून सांगतात आणि मिश्रीचा डबा उशाशी असतो. म्हणून मी भूल देण्याआधी तोच प्रश्न नाव घेऊन विचारत असे.

रक्त पातळ करणारी औषधे, अ‍ॅस्पिरिन, तसेच मासळीच्या तेलाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही सांगा. स्वयंपाकातल्या हळदीचा प्रश्न नाही. सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ती ताज्या टाक्यांवर लावायची वस्तू नव्हे. जखमेवर हळद, खोबरेल तेल, राख, काहीही घालू नये.

आणि पथ्याचे म्हणाल, तर ‘आंबट खाल्ल्याने जखम चिघळते, वांग्याने आणि अंड्याने पू होतो’ ही समजूत अजून घरोघरी आहे. तिला आधार नाही, उलट तिच्यामुळे बाई वरण-भातावर राहते आणि जखम भरायला लागणारी प्रथिने तिला मिळत नाहीत. मोड आलेली मटकी, डाळी, दही, अंडी, चालत असल्यास मासे, आणि आवळ्या-लिंबातले क जीवनसत्त्व, हे सर्व खावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे हे खरे पथ्य.


अजिंक्यतारा रोज

कपड्यांबद्दल कोणी लिहिले नाही. समोरून उघडणारी सपोर्ट ब्रा दोन तरी असाव्यात. एक धुऊन वाळेपर्यंत दुसरी. तारेची ब्रा साधारण सहा आठवडे नको. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया झाल्यास घामाने स्तनाखालच्या घडीत पुरळ येते. ओलावा टिपून कोरडे ठेवणे आणि आत स्वच्छ, मऊ सुती कापडाची घडी ठेवणे पुरेसे असते. टाल्कम पावडर टाक्यांजवळ नको.

जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे खपल्या पडून गेल्यावर, व्रणासाठी सिलिकॉनची जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने वापरतात. जुन्याच व्रणावर पुन्हा छेद दिलेला असल्यास तो काही काळ जास्त लाल आणि जाड दिसतो. वर्षभरात फिका होत जातो. चालणे पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात सुरू करावे, कारण पायात गुठळी होऊ नये यासाठी तेच सर्वांत सोपे साधन आहे. अजिंक्यताऱ्याचा चढ मात्र डॉक्टरांनी धाप लागणाऱ्या व्यायामाला परवानगी दिल्यावरच.


विश्रामबाग

कागदपत्रांबाबत माझा आग्रह आहे. इम्प्लांटच्या खोक्यासोबत चिकटपट्ट्या येतात. त्यांवर कंपनी, प्रकार, आकारमान आणि अनुक्रमांक असतो. ते कार्ड मागून घ्यावे आणि त्याचे छायाचित्र काढून घरच्या एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवावे. माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेचे कार्ड त्या वेळच्या रुग्णालयाने दिलेच नव्हते, आणि काय बसवले आहे हे शोधण्यात दुसऱ्या सर्जनचा बराच वेळ गेला.

याचे महत्त्व सांगते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) विनंतीवरून अ‍ॅलर्गन कंपनीने खरबरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतली, कारण इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाशी) त्यांचा संबंध जास्त आढळला होता. त्या प्रशासनानेच हेही सांगितले, की कोणतेही लक्षण नसेल तर ती केवळ भीतीपोटी काढण्याची शिफारस नाही. पण आपल्याला कोणते बसवले आहे हेच माहीत नसेल, तर या दोन्ही वाक्यांचा उपयोग काय? अनेक वर्षांनी एका बाजूला अचानक द्रव साठून सूज आली, तर ती या दृष्टीने तपासून घ्यावी लागते. लक्षणे नसली तरी सिलिकॉन इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असे तेच प्रशासन २०२० पासून सुचवते. इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसते, हे आपण अनुभवलेलेच आहे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, वेळी तंत्रज्ञांना आधी सांगावे, म्हणजे इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने चित्रे घेतली जातात.


माहुलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाकऱ्यांचे काम जाऊबाईंनी आपणहून घेतले आहे.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मलाच मिळाले, ते इतरांसाठी लिहिते. पुण्याच्या सर्जनना मी विचारले, तेव्हा त्यांनी ऑपरेशन नोटसह एक पत्र दिले आणि इथल्या एका जनरल सर्जनशी फोनवर बोलून घेतले. आता ड्रेसिंग आणि साधी तपासणी इथे होते, छायाचित्रे पुण्याला जातात, आणि आकाराविषयीचे किंवा सुई घालून द्रव काढण्यासारखे निर्णय मात्र पुण्यातच घ्यायचे असे ठरले आहे. इम्प्लांटच्या जवळ सुई घालणे हे सोनोग्राफीच्या मदतीने आणि अनुभवी हातानेच व्हावे, असे त्यांनी आवर्जून लिहून दिले. पुढच्या तपासणीला मी रेल्वेने जाणार आहे. स्टेशन गावाबाहेर माहुलीला असले, तरी घाटापेक्षा डब्यात हिसके कमी बसतात.

आमराई फिजिओ यांना एक विचारायचे राहिले. काही जणींना इम्प्लांट हाताने सरकवण्याचा मसाज सांगितलेला असतो, मला सांगितलेला नाही. तो विसरला गेला असेल का?


आमराई फिजिओ

बहुधा नाही. खरबरीत पृष्ठभागाच्या किंवा थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटसाठी तो सांगत नाहीत, कारण ते जागेवर चिकटून राहणे अपेक्षित असते आणि थेंबाच्या आकाराचे फिरले तर स्तनाचा आकारच बिघडतो. गुळगुळीत, गोल इम्प्लांट असले, तरी कप्पा नव्याने शिवून घेतला असल्यास सुरुवातीला मसाज नकोच. विश्रामबाग ताईंनी सांगितलेले कार्ड काढा, प्रकार पाहा, आणि त्यासह सर्जनना विचारा. व्रणाचा हलका मसाज ही वेगळी गोष्ट आहे. ती जखम पूर्ण भरल्यावर सुरू करता येईल.